लॉरेन्सच्या डब्यातलं शेवटचं पान

आमच्या सोसायटीतले एक सद्गृहस्थ मागच्या वर्षी युरोप करून आले आणि सोसायटीच्या वार्षिक अंकात त्यांनी त्यावर ऐसपैस लिहिलं. त्यात बर्फ होता, चीज होतं आणि बोटीत विसरलेली त्यांची छत्रीही होती. यंदा अंक काढणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जिन्यात एवढ्या गोष्टी सांगत असता, एखादं प्रवासवर्णन द्या ना." मी म्हटलं, "मी कुठे गेलोय?" तर माझी बायको शैला आतून ओरडली, "डोंगरीला गेला होतात की!"

तेव्हा हे डोंगरीचं प्रवासवर्णन. डोंगरी म्हटलं की लोकांना मुंबईतली डोंगरी आठवते. ती नव्हे. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की वाटेत लागतं ते आमचं डोंगरी गाव. आमच्या मीरा रोडच्या घरून रिक्षा आणि बस मिळून फार तर दीड तासाची वाट. छत्री न्यायची गरज नाही. तरीही मला तिथे पोचायला जवळजवळ तीस वर्षं लागली. का लागली, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जाण्याचं कारण

मी लहान असताना आम्ही गोडदेवला राहायचो. तेव्हा गोडदेव हे खरोखरच गाव होतं, आता बिल्डिंगांमध्ये ते शोधावं लागतं. वडील रत्नागिरीहून नोकरीसाठी आलेले. खोल्या दोन. संध्याकाळी आई लोकांच्या गोधड्या शिवायची आणि मी तिच्याशेजारी बसून अभ्यासाच्या पुस्तकात कॉमिक घालून वाचायचो. काही दिवसांनी अभ्यासाचं पुस्तक बाजूला राहिलं आणि मी तिला कॉमिकच मोठ्याने वाचून दाखवायला लागलो.

ही कॉमिक्स लॉरेन्सकडची. लॉरेन्स हा डोंगरीचा तरुण भाईंदर स्टेशनाबाहेर पत्र्याच्या खोपट्यात पुस्तकं भाड्याने द्यायचा. त्याची एक पद्धत होती. पोरं पुस्तकं परत आणत नाहीत म्हणून तो प्रत्येक नव्या कॉमिकचं शेवटचं पान ब्लेडने कापून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. पुस्तक परत केलं की डबा उघडायचा, पान हातात मिळायचं. ते तिथेच उभ्याने वाचायचं आणि परत द्यायचं. पान कापल्यावर पुस्तकात जे पान शेवटी उघडं पडायचं ते हाताळून फाटू नये म्हणून त्याच्या कडांना तो खाकी कागदाच्या रुंद पट्ट्या चिकटवायचा. हे सगळं मला इतकं अंगवळणी पडलं होतं की पुढे कॉलेजात एखादी कादंबरी संपली तरी आपण ती कोणाला तरी परत केल्याशिवाय ती खरी संपलेली नाही असं वाटत राहायचं.

त्याच्याकडचा माझा जीव की प्राण म्हणजे तडितकुमार. दिवसा हा मनोहर नावाचा पाणीखात्यातला कारकून. एकदा विजेच्या खांबाखाली उभा असताना वीज पडली आणि तेव्हापासून अंगात ताकद आली. रात्री जांभळी केप पांघरून तो शहर वाचवत हिंडायचा. त्याचा शत्रू गंजासुर. हा हात लावेल त्या लोखंडाला गंज चढायचा, म्हणजे पूल, रूळ, बँकांच्या तिजोऱ्या, सगळं धोक्यात. माझं आजही मत आहे की एवढा सोयीचा खलनायक दुसरा झाला नाही. खाडीच्या काठी राहणाऱ्या माणसाला गंज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

पण आईला गंजासुरात काडीचा रस नव्हता. तिला मनोहरच्या आईत रस होता. ती माउली रोज ताट वाढून बसायची. मुलगा उशिरा यायचा, अंगाला जळका वास, दंडाला खरचटलेलं. विचारलं तर म्हणायचा, "साहेबांनी थांबवून घेतलं." आई सुई ओढता ओढता मला विचारायची, "तिला कळलं का रे?"

"अजून नाही."

"मग कळणार कधी?"

"शेवटच्या अंकात कळेल."

शेवटचा अंक एका शनिवारी आला. तो पहिला मीच नेला. गंजासुराने रेल्वेचा पूल पोखरलेला, तडितकुमार खांद्यावर पूल तोलून उभा, केप खांद्यावर टर्रकन फाटलेली, गाडी सुखरूप पार, गंजासुर खाडीत. मग शेवटून दुसऱ्या पानावर तो घरी येतो आणि जेवायला बसतो. पुढे पान नाही. सोमवारी परत द्यायला गेलो तर खोपट्याला कुलूप. लॉरेन्सला आखातात नोकरी लागली होती आणि तो तडकाफडकी गेला होता. ते कॉमिक छापणारेही लवकरच बंद पडले. दुसरी प्रत मला पुढे कुठल्याही रद्दीत मिळाली नाही.

अशा रीतीने अंक माझ्याकडे राहिला आणि प्रश्न आईकडे. तो तिने माझ्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी विचारला, लग्नात हळद लावताना विचारला. "त्या पोराच्या आईला कळलं का रे शेवटी?" जणू ती शेजारच्या चाळीत राहायची.

त्या हरवलेल्या पानावर काय असेल याबद्दल माझा सिद्धान्त पक्का होता. या प्रकारच्या गोष्टींचे काही कायदे असतात. खलनायकाचं प्रेत दिसलं नाही तर तो मेलेला नसतो. शेवटच्या पानावर एकच मोठं चित्र असतं. आणि माणूस निवांत जेवायला बसला की दारावर थाप पडते. म्हणजे काय, तर मनोहर जेवतोय, थाप पडते, आई दार उघडते, दारात गंजासुर! आईसमोर मुखवटा टाकावा लागतो, झुंज होते, आणि बहुधा तडितकुमार धारातीर्थी पडतो. मी हे मेहुण्यांना, ऑफिसातल्यांना, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शैलालाही पटवून दिलं होतं. शैला म्हणाली होती, "आणि ताटाचं काय झालं?"

माझी स्वतःची भानगड

इथे थोडं घरचं सांगणं भाग आहे. मी एका औषध कंपनीच्या गोडाऊनमध्ये हिशेब लिहायचो. गेल्या गणपतीच्या आधी कंपनीने गोडाऊन परराज्यात हलवलं आणि आम्हाला दोन पर्याय दिले, तिकडे या किंवा घरी बसा. मी घरी बसलो, म्हणजे बसलो असं शैलाला सांगितलं. आईला सांगितलं नाही. तिला रक्तदाब आहे, आणि वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिने कसे दिवस काढले ते मी पाहिलेलं आहे. नवी नोकरी लागली की एकदमच सांगू असं आम्ही ठरवलं. पण लागणारी नोकरी काही लागेना.

त्यामुळे मी रोज सकाळी डबा घेऊन आठला बाहेर पडायचो. भाईंदर पश्चिमेला एका रद्दीवाल्याच्या दुकानात बसायचो, त्याचे आणि शेजारच्या हार्डवेअरवाल्याचे हिशेब लिहायचो, डबा खायचो, आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला नेहमीचा थकवा घेऊन घरी. तडितकुमार दिवसा कारकून आणि रात्री महावीर असायचा. मी दिवसा कोणीच नव्हतो आणि संध्याकाळी साडेसहानंतर कारकून व्हायचो.

एकदा रद्दीवाल्याला मी लॉरेन्सची गोष्ट सांगितली. तो रद्दी तोलता तोलता म्हणाला, "अरे वो लायब्ररीवाला लॉरेन्स? वो तो कबका वापस आ गया भाईसाब. डोंगरी में है. उसके घर का पेपर इधरही आता है."

तीस वर्षं. आणि त्या घरची रद्दी माझ्या पायाशी पडलेली.

संध्याकाळी घरी सांगितलं. सांगताना म्हणालो, "ऑफिसला जाता जाता एका रद्दीवाल्याकडे कळलं."

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुझं ऑफिस पूर्वेला. रद्दीचं दुकान पश्चिमेला कशाला मध्ये येतंय?"

"आज जरा काम होतं तिकडे."

"बरं. मग रजा काढ. मंगळवारी जाऊ."

मीरा रोड ते भाईंदर पश्चिम

नसलेल्या नोकरीतून रजा काढणं सोपं नाही. आदल्या संध्याकाळी मी चेहरा पाडून आलो आणि म्हणालो, "साहेब कुरकुर करत होते, पण दिली." शैला ओट्याकडे वळून कपबश्या विसळायला लागली. त्या आधीच विसळलेल्या होत्या.

आईने प्रवासासाठी चांगलं लुगडं काढलं, कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून कोकमं बांधून घेतली, आणि निघताना म्हणाली, "डबा घेतलास ना?"

"आज कशाला डबा? रजा आहे ना."

"हां, आज रजा आहे," ती म्हणाली. "सवयीने विचारलं."

अंक मी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घातला होता. रिक्षात तो मांडीवर धरून बसलो. रिक्षावाल्याने पुलावर आरशातून विचारलं, "डॉक्टर को दिखाने का है क्या? रिपोर्ट है?" आई म्हणाली, "हां, पुराना बीमारी है."

बसमध्ये

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. दुपारच्या बसला मासळी विकून परतणाऱ्या बायका असतात. रिकाम्या टोपल्या पायाशी, केसांत अबोलीचा गजरा, आणि सगळ्यांचा आवाज समुद्रावर बोलतात तसा चढा. आईला एकीने सरकून जागा दिली. मी उभा. गाव सुटलं की दोन्ही बाजूंना मिठागरं लागतात. पांढरे ढीग, चौकोनी वाफे, पाण्यात उलटं आभाळ. मीरा रोडला आमच्या खिडकीतून समोरच्याचा टीव्ही दिसतो. तेव्हा एवढं मोकळं एकदम बघितलं की डोळ्यांना आधी काही सुचत नाही.

समोरच्या सीटवर एका मुलाच्या शर्टावर परदेशी महावीर होता, केबलवर येतात त्यातला. छातीवर चिन्ह, हाताची मूठ पुढे. या मंडळींबद्दल माझी काही मतं आहेत. एक म्हणजे ते भांडताना इमारतीच्या इमारती पाडतात आणि कोणी त्यांना विचारत नाही. आमचा तडितकुमार एकदा सिग्नलचा खांब वाकवतो आणि पुढच्या चौकटीत सरळ करून ठेवतो. दुसरं म्हणजे यांतले बरेचसे अनाथ असतात. लोकांना वाटतं ती दुःखाची बाब आहे, पण मला ती लेखकाची सोय वाटते. अनाथ माणसाला रात्री खिडकीतून उडी मारायला काय अडचण आहे? घरात आई असली की बाहेर पडायला कारण लागतं, परत आल्यावर दुसरं लागतं, आणि दोन्ही लक्षात ठेवावी लागतात. ताकद खरी लागते ती तिथे. हे मला पूर्वी नुसतं वाटायचं. गेल्या गणपतीपासून पुराव्यासकट माहीत झालं होतं.

एवढ्यात माझ्या कानावर आईचा आवाज आला. ती शेजारच्या मावशीला तडितकुमार सांगत होती. पहिल्यापासून.

"...आणि रोज उशीर. आणि रोज हिने ताट धरून बसायचं."

"बाई गं!" मावशी म्हणाली. "आन् तो सांगं न्हाय?"

"नाही ना. साहेबांनी थांबवलं म्हणे."

"सगले मेले तेच सांगतान," मागच्या सीटवरून दुसरी म्हणाली. "माजा घोव पन तेच सांगं. तो उडं बिडं न्हाय, गुत्त्यावर जाय."

अर्धी बस हसली. पहिली मावशी हसली नाही. "मंग आयेला कललं का न्हाय?"

"तेच विचारायला चाललोय," आई म्हणाली. "डोंगरीला. लॉरेन्सकडे."

"लॉरेन्स? चल, मी दावतंय."

डोंगरी: पहिला लॉरेन्स

मावशीने आम्हाला एका क्रुसाजवळ उतरवलं, बोट करून घर दाखवलं आणि खिडकीतून ओरडली, "काय व्हतं ते मना सांग गो येताना!" बस गेली.

घर छान होतं. बाहेर ओटा, ओट्यावर एक गृहस्थ ट्रम्पेट पुसत बसलेले. मी म्हटलं, "लॉरेन्स?" ते म्हणाले, "हां, मीच. या ना." त्यांनी आत हाक मारून लिंबाचं सरबत मागवलं. मी पिशव्या सोडून अंक काढला आणि तीस वर्षांची हकिगत सांगितली. ते मान डोलवत होते. गंजासुर आला तेव्हा त्यांनी ट्रम्पेट खाली ठेवला. पूल कोसळायला लागला तेव्हा पुढे सरकून बसले. मी म्हणालो, "आणि मग सोमवारी तुमच्या खोपट्याला कुलूप!"

"माज्या?"

"म्हणजे तुमचं वाचनालय..."

"मी बँडवाला लॉरेन्स हाय," ते म्हणाले. "लग्नात वाजवतो. तो पुस्तकवाला लॉरेन्स, तो वरच्या आळीत. इथं चार लॉरेन्स हायेत."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"गोष्ट चांगली व्हती," ते म्हणाले. आणि ट्रम्पेट तिथेच टाकून आमच्याबरोबर वाट दाखवायला निघाले. तुमचं काम झालं आता, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

वाटेत बांबूंवर बोंबील वाळत होते, दोरीवर कपडे वाळावेत तसे. आमच्या गावाकडे सुकं खळ्यात पसरतात, इथे टांगतात. आई थांबून थांबून बघत होती. तिच्या चपलेचा अंगठा तुटला, तो बँडवाल्यांनी खिशातल्या तारेने बांधून दिला.

डोंगरी: खरा लॉरेन्स

खऱ्या लॉरेन्सला मी ओळखलं नसतं. माझ्या डोक्यात तो वीस-बाविसाचा, कुरळ्या केसांचा. हा टक्कल पडलेला, बनियनवर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने मला तर ओळखलंच नाही. मी अंक पुढे केला तेव्हा मात्र चष्मा खाली आला. त्याने आधी काय पाहिलं तर कडेची खाकी पट्टी. अंगठा फिरवून म्हणाला, "ही पट्टी माजी."

मग मान वर करून म्हणाला, "लय उशीर केलास."

त्याची बायको रोझीबाय हसत बाहेर आली. जेवल्याशिवाय काही बोलायचं नाही असं तिने जाहीर केलं. तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि बांगड्याचं कालवण. आई दोन घास खाऊन म्हणाली, "तिरफळ नाही घालत तुम्ही?" "न्हाय. आमचा मसाला येगला." मग बायकांचं मसाल्यावर सुरू झालं. वर्षाचा मसाला बाटल्यांमध्ये ठासून ठासून कसा भरतात ते रोझीबायने हातवारे करून दाखवलं. आईने पदरातली कोकमं सोडली. आमच्याकडे बांगड्याला तिरफळ नाही म्हणजे तो अपमान समजतात, पण त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"कामाला कुठं असतोस?" लॉरेन्सने मला विचारलं.

"औषध कंपनीत. हिशेब." घास तसाच गिळला. आई भाकरी मोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"आज कामाचा वार ना?"

"रजा काढली."

"पानासाठी रजा?" तो खूश झाला. "बरा साहेब हाय तुजा."

हात धुतल्यावर मी म्हटलं, "लॉरेन्स, तो डबा..."

"हाय ना."

डबा खरंच होता. माळ्यावरून त्याने तो काढला. बिस्किटांच्या डब्यावरची मडमेची तसबीर पार पुसली होती, झाकणाची कड गंजून तांबडी झालेली. मी झाकणाकडे हात नेला तसा त्याने डबा आपल्याकडे ओढला.

"आधी पुस्तक."

"अहो, दाखवा आता बिचाऱ्याला," बँडवाले म्हणाले.

"आधी पुस्तक. रूल हाय."

मी पुस्तक परत केलं. लॉरेन्सने ते उलटसुलट पाहिलं, पानं मोजली, मग डबा उघडला. आत नुसती शेवटची पानं. पन्नास असतील, शंभर असतील. कुठे स्फोट, कुठे लग्न, कुठे कोणी तरी कोणाच्या तरी मिठीत. आधीची गोष्ट नसलेले सगळे शेवट. त्याने तळापर्यंत बोटं घातली, दोन-तीन वर काढून टाकली, आणि एक पान माझ्या अंकाच्या कापलेल्या कडेला लावून पाहिलं. कड जुळली.

मी पान घेतलं.

पानावर केसांच्या तेलाची जाहिरात होती. लांब केसांची बाई, हातात बाटली. मागे उलटलं. मागे वाचकांची पत्रं, आणि पुढच्या महिन्यापासून नवा नायक येत आहे अशी चौकट.

मी पान पुन्हा एकदा उलटलं.

"म्हणजे?" आई म्हणाली. "कळलं का तिला?"

"यात गोष्टच नाही, आई. जाहिरात आहे."

बँडवाल्यांनी पान हातात घेऊन उजेडाकडे धरलं, जणू गंजासुर तेलाच्या बाटलीमागे लपलेला असेल. लॉरेन्सने टकलावरून हात फिरवला.

"शेवटचं पान कापायचं, एवढंच मी बगायचो," तो म्हणाला. "त्याच्यावर काय हाय ते कंदी बगितलं न्हाय. मी धंदा करत होतो. पुस्तकं तुमी वाचायचा."

मी ओट्यावर बसलो. तीस वर्षांचा माझा सिद्धान्त, दारावरची थाप, दारातला गंजासुर, आईसमोरची झुंज, सगळं एका केसांच्या तेलात बुडालं होतं. माणूस घरी येतो, जेवायला बसतो, आणि संपलं? अशी कुठे महावीराची गोष्ट संपते? आणि आईच्या प्रश्नाचं काय? तिच्यासाठी तर आणलं होतं मी इथपर्यंत.

"पट्टी काढ," आई म्हणाली.

"काय?"

"पुस्तकातलं ते जेवायचं पानच शेवटचं ना मग? त्याच्या कडेला ह्यांनी पट्टी मारलीय. चांगली दोन बोटं रुंद. खाली काय दडलंय बघ की."

रोझीबायने चहाचं आधण ठेवलेलंच होतं. लॉरेन्सने अंकाचं ते पान वाफेवर धरलं आणि नखाने पट्टी सोडवायला लागला. घाई नाही. स्वतः चिकटवलेलं स्वतः काढत होता. आम्ही चौघं त्याच्या खांद्यांवरून वाकलो होतो.

चित्र मला पाठ होतं. मनोहर पाटावर बसून जेवतोय. त्याची आई पाठमोरी, चुलीपाशी. एवढंच मी आयुष्यभर पाहिलं होतं. पट्टी निघाली तशी चौकटीची उजवी कड उघडी झाली. तिथे खोलीत दोरी बांधलेली होती. दोरीवर जांभळी केप वाळत घातलेली. खांद्यापाशी, पुलाने फाडली होती तिथे, चौकोनी ठिगळ, टाके एक एक काढलेले. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'समाप्त'.

"आयला," बँडवाले म्हणाले.

आईने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"धुतलंय," ती म्हणाली. "आणि ठिगळ नीट लावलंय. घाईत नाही लावलेलं."

"म्हणजे तिला कळलं होतं," मी म्हटलं. "पण कधी? त्याच रात्री?"

"त्या रात्री कशाला? पहिल्यापासून."

"कशावरून?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "अरे, घरात कपडे कोण धुतं?"

रोझीबाय हसायला लागली, ती थांबेचना. लॉरेन्सला मात्र हे पटलं नाही. तो म्हणाला, "मंग बोलली का न्हाय ती त्याला?"

"तो सांगत नव्हता तर तिने कशाला बोलायचं? त्याला जेवायला वेळेवर मिळत होतं ना?"

निघताना मी अंकाकडे हात नेला तर लॉरेन्सने तो डब्यात ठेवलेला होता, आपल्या जाहिरातीच्या पानासकट. "परत केलास ना," तो म्हणाला. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "राहू दे. वाचून झालं." झाकण बसलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. थोडं वाटलं.

परत

परतीच्या बसमध्ये ती जातानाची मावशी नव्हती, पण दुसऱ्या होत्या, आणि आईने त्यांना सगळं सांगितलं. शेवटाला एकजण म्हणाली, "मना पयलेच ठावूक व्हतं." मिठागरांवर सूर्य कलला होता. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. इतकी वर्षं मी त्या चौकटीत फक्त मनोहरकडे बघत आलो. गोष्ट ज्याच्या नावाची असते त्याच्याकडेच बघायचं, ही माझ्यासारख्या वाचकांची खोड. मुठी, पूल, स्फोट. चुलीपाशी पाठमोरं कोण उभं आहे आणि तिला काय काय माहीत आहे, हे बघायला आपण चौकटीच्या कडेपर्यंत जातच नाही.

रिक्षात आईने चपलेची तार चाचपून पाहिली. सोसायटीच्या फाटकाशी उतरताना म्हणाली, "उद्या रजा नाही ना?"

"नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले आणि डबा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. फळीवर डबा नव्हता. शैला दाराला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. जमिनीवर पाट मांडलेला, समोर ताट. आई गॅसपाशी, माझ्याकडे पाठ करून, भाकरी उलटत होती.

"आई, डबा?"

"तुझ्या शर्टांना औषधाचा वास यायचा," ती भाकरीकडे बघत म्हणाली. "धुवून पण जायचा नाही. गणपतीपासून येत नाही. आता जुन्या कागदांचा येतो."

कारणं होती, दोन-तीन तयार होती, साहेबांचं नावसुद्धा तोंडापर्यंत आलं.

"बस. गार होईल," आई म्हणाली. "आणि त्या रद्दीवाल्याचे हिशेब घरी आणून कर. टेबल आहे, पंखा आहे. डबा बांधून त्या धुळीत कशाला जायचं?"

मी बूट काढले आणि जेवायला बसलो.